अगं, बिजागरी तू स्वतः आण

फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणालीस, म्हणजे आता सुतारकाम सुरू होणार. फरशी कुठली, कट्ट्याचा रंग कुठला, पडदे किती लांब, हे सांगायला तुझ्या सासरी-माहेरी माणसांची कमी नाही. त्यात मी पडत नाही. मला तुझ्या कानात एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तू हसशील हेही मला ठाऊक आहे. दारांच्या बिजागऱ्या कंत्राटदारावर सोडू नकोस. तू स्वतः जा, हातात घेऊन बघ आणि आण.

हसलीस ना? बरं. आता आपल्याकडे दाराचा थाट कसा असतो ते आठव. सागवानी फळी, तिच्यावर कोरीवकाम, पॉलिशचे हातावर हात, पितळी मूठ, हल्ली तर बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप. आणि एवढं सगळं ज्याच्या जोरावर चौकटीला धरून राहतं, तो लोखंडाचा तुकडा सुताराने पिशवीतून काढून ठोकलेला. दार बंद असलं की तो दिसत नाही, वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांची नजर तिथे जात नाही. म्हणून पैसे नेमके तिथेच वाचवले जातात. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ‘हार्डवेअर’ नावाची एक ओळ असते बघ, तिच्यात बिजागऱ्या, स्क्रू, कड्या, स्टॉपर सगळं कोंबलेलं असतं. ती ओळ फोडून मागायची. “दादा, दारांच्या बिजागऱ्या आणि त्यांचे स्क्रू मी आणून देते, तुम्ही बसवायची मजुरी लावा.” तो म्हणेल, “ताई, आम्ही बघतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता?” घ्यायचा त्रास. दुपारी पोराला मांडीवरून खाली ठेवून खोलीबाहेर येताना दार किंचाळलं की घरात जागा कोण होतो आणि परत थोपटत कोण बसतं, हे त्या दादाला माहीत नसतं.

थोडा हिशेब सांगते, कंटाळू नकोस. सात फूट बाय तीन फुटांचं, 35 मिलिमीटर जाडीचं भरीव सागवानी दार घेतलं तर नुसत्या लाकडाचंच वजन चाळीस-त्रेचाळीस किलो भरतं. वर कुलूप, मूठ, साखळी, कडी. धरून चाल 45 किलो. हे वजन जमिनीवर टेकलेलं नाही, एका कडेला टांगलेलं आहे. म्हणून दार दोन गोष्टी करत असतं. एक, खाली सरकायला बघतं. दुसरी, वरच्या कोपऱ्यातून चौकटीपासून सुटून बाहेर कलायला बघतं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत साधारण 160 सेंटिमीटर अंतर असेल तर वरची बिजागरी चौकटीतून उपटून काढायला जवळजवळ तेरा किलोचा ओढा रात्रंदिवस लागलेला असतो. दार रुंद केलंस की ओढा वाढतो, बिजागऱ्या एकमेकींच्या जवळ लावल्या तरी वाढतो. दार खालून मुठीच्या बाजूला फरशीला घासतं तेव्हा लोक फरशीला दोष देतात. बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू सुटलेले असतात, दुसरं काही नाही.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांची दारं वेगळी होती. त्यांना बिजागरीच नसायची. फळीच्याच एका कडेला वर-खाली लाकडाची खुंटी काढलेली, वरची खुंटी चौकटीच्या भोकात आणि खालची उंबऱ्यातल्या खोबणीत. सगळं वजन सरळ खाली उंबऱ्यावर, म्हणून ती अजस्र दारं कलत नसत. करकरायची मात्र भरपूर, आणि खोबणी झिजली की दार बसायचं. आपल्या फ्लॅटच्या दाराला असा उंबरा मिळत नाही, ते कडेनेच लोंबकळतं. म्हणून वाड्यात जे काम उंबरा करायचा, ते आता तीन बिजागऱ्यांना वाटून द्यावं लागतं.

साध्या बिजागरीत काय असतं? दोन पानं, त्यांच्या कडा वळवून केलेल्या नळ्या एकमेकींत अडकवलेल्या आणि मधून एक पिन. दाराच्या पानाची नळी चौकटीच्या पानाच्या नळीवर बसते आणि दार उघडताना लोखंड लोखंडावर घासतं. वर्षभरात त्या फटीतून काळी भुकटी खाली गळायला लागते, पांढऱ्या रंगावर तिचे ओघळ दिसतात. ती भुकटी म्हणजे बिजागरी स्वतःच झिजून पडते आहे. जेवढी झिजली तेवढं दार खाली आलं.

बॉल बेअरिंगच्या बिजागरीत त्या दोन नळ्यांच्या मध्ये एक छोटी कडी असते आणि तिच्यात छर्रे. आपण पुणेकरांना छर्रे काय नवे? सायकलच्या चाकाच्या आसात ग्रीसमध्ये बसवलेले असतात तेच ते. नळी नळीवर घासण्याऐवजी छऱ्यांवरून फिरते, झीज खूपच कमी होते आणि दार बोटाने ढकललं तरी चालतं. युक्तीही काही कालची नाही. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने घोडागाडीच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट 1794 मध्ये घेतलं होतं, म्हणजे इकडे पेशवाई चालू होती तेव्हा. आणि आपल्या चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना कित्येक दशकं आहे. तरी आपल्या घरातल्या दारात बेअरिंग असतं हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

अमेरिकेतल्या मापदंडात सगळ्यात वरच्या दर्जाच्या बिजागरीने 25 लाख वेळा उघडझाप सोसली पाहिजे असा नियम आहे. तुझं दार दिवसाला पन्नास वेळा उघडलं तर वर्षाला 18,250. म्हणजे ती बिजागरी सव्वाशे वर्षांच्याही पुढे जाईल. तेवढं घर टिकणार नाही, तेव्हा घरासाठी त्या दर्जाच्या मागे लागायचं कारण नाही. दुकानदार ‘हॉस्पिटल ग्रेड’ वगैरे म्हणत काही महागडं पुढे सरकवायला लागला तर हे गणित आठव.

सगळ्या दारांना बेअरिंग लागत नाही, हेही सांगून ठेवते. मुख्य दाराला हवंच. बेडरूमच्या फ्लश दारांनाही घे, कारण ती दिसतात हलकी पण आतल्या भरीव लाकडामुळे चांगली जड असतात. ज्या दाराला वरून डोअर क्लोजर लावणार असशील त्याला तर न विसरता घे, कारण क्लोजर दार सतत ओढत असतो आणि साधी बिजागरी त्याच्यापुढे लवकर हरते. बाथरूमचं दार पीव्हीसीचं आणि हलकं असेल तर चांगल्या स्टीलची साधी बिजागरी पुरते, बेअरिंगवर पैसे घालू नकोस. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या वाटीवाल्या बिजागऱ्या हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात आज शिरत नाही.

आता खरेदी. मंडईत उतर. आता गाडी कुठे लावू हे कारण नको, 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट मंडईच्या पोटात येते. भाजी घ्यायची असेल तर ती परतताना घे, नाहीतर बिजागऱ्यांखाली टोमॅटोंचा लगदा होईल. मंडईतून सोन्या मारुती चौकाकडे निघालीस की पुढे रविवार पेठ आणि तिच्यात बोहरी आळी. खिळ्यापासून कुलपापर्यंत सगळं तिथे मिळतं आणि शेजारी-शेजारी दुकानं असल्यामुळे भाव ताडून बघता येतो. हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढावी लागते, तेव्हा सकाळी लवकर जा.

जाता जाता मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीकडे एकदा मान वर करून बघ. 1886 साली ती उभी राहिली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. आज ती महात्मा फुले मंडई आहे, आणि गंमत म्हणजे जोतीराव नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्चा म्हणून. जोतीराव स्वतः बांधकामांची कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. बांधकामात पैसा कुठे मुरतो ते त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. कंत्राटदाराची ‘हार्डवेअर’ची ओळ फोडून मागताना तुला संकोच वाटला, तर कुणाच्या नावाच्या मंडईतून आपण चाललोय ते मनात आण.

दुकानात शिरलीस की पहिली अडचण बिजागरीची नसते. दुकानदार तुझ्या मागे बघेल, साहेब आलेत का म्हणून. एकटीच आहेस कळल्यावर समोर एक चकचकीत खोका ठेवेल आणि म्हणेल, “हेच जातं मॅडम.” चिडू नकोस. शांतपणे म्हण, “मेन डोअरला चार बाय तीन, तीन एमएम, टू बीबी, तीनशेचार, मॅट दाखवा.” एवढ्या पाच शब्दांवर त्याचा सूर बदलतो, मी पाहिलंय. चार इंच म्हणजे पानाची उंची. तीन इंच म्हणजे बिजागरी पूर्ण उघडून पसरल्यावरची रुंदी. तीन एमएम ही पत्र्याची जाडी. टू बीबी म्हणजे दोन बेअरिंगं. तीनशेचार हा स्टीलचा दर्जा. मॅट म्हणजे चकाकी नसलेलं फिनिश. दार फार जड किंवा साडेसात फुटांहून उंच असेल तर पाच इंची आणि फोर बीबी माग.

मंडईत तू भेंडीचं टोक मोडून बघतेस, वांगं दाबून बघतेस आणि पटलं नाही तर सरळ पाटी पुढे ढकलतेस. तीच तू हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकमध्ये बंद केलेली वस्तू न उघडता घरी आणशील का? खोका उघडायला सांग. बिजागरी हातात घे. एक पान उभं धर आणि दुसरं वर-खाली ओढून बघ. खडखडत वर-खाली हललं तर ठेवून दे. उघडझाप करताना मध्येच अडकलं, किरकिरलं तरी ठेवून दे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं, जरा घट्ट, पण गुळगुळीत फिरायला हवं. मग त्या बेअरिंगच्या कड्यांकडे नीट बघ. काही स्वस्त मालात नुसती कडी असते, आत छर्रे नाहीतच, प्लास्टिकची चकती घालून बाहेरून बेअरिंगसारखं दिसेल असं केलेलं. जवळजवळच्या दोन दुकानांतले नमुने एकाच वेळी हातात घेतलेस की फरक बोटांना कळतो. पत्र्याची जाडी मोजायला व्हर्नियर माग. चांगल्या दुकानात तो गल्ल्याशेजारीच असतो. तीन म्हणून अडीच देण्याची पद्धत या धंद्यात आहे, आणि अर्ध्या मिलिमीटरची चोरी नजरेने सापडत नाही.

स्टीलच्या दर्जाबद्दल एक गैरसमज आहे, तो काढून टाक. दुकानदार खिशातून चुंबक काढून बिजागरीला लावतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे तीनशेचार.” अर्धंच खरं आहे हे. चुंबक चिकटला तर पान हलक्या जातीचं आहे एवढं कळतं. पण 202 नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि ओलाव्यात ते लवकर गंजतं. या दोन्हींतला फरक दाखवणारं एक औषध मिळतं, त्याचा थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर लाल रंग येतो. बोहरी आळीत ते कुणाकडे ना कुणाकडे असतंच, विचारायला लाजू नकोस. आणि हो, चुंबक नळीपाशी किंचित ओढला गेला किंवा पिनेला चिकटला तर लगेच भांडू नकोस. 304 चा पत्रा वळवला की वळणावर थोडं चुंबकत्व येतं, आणि पिन किंवा छर्रे वेगळ्या पोलादाचे असू शकतात. चुंबक पानाच्या सपाट भागावर लावून बघायचा. खोक्यावर ‘आयएस 12817’ लिहिलंय का तेही बघ, स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्यांचं भारतीय मानक ते आहे.

तुझ्या सासूबाईंच्या रत्नागिरीच्या घरासाठी घ्यायच्या असतील तर वेगळं सांगते. खाऱ्या वाऱ्यात 304 वरही तांबूस ठिपके येतात. तिथे 316 माग, त्यात मॉलिब्डेनम असतं, महाग पडतं पण समुद्राशी तेच टिकतं. किंवा सरळ जाड पितळी घे.

स्क्रू विसरू नकोस. इथे हुशार माणसंही फसतात. बिजागरी 304 ची आणली आणि सुताराने पिशवीतले झिंक चढवलेले लोखंडी स्क्रू मारले, तर पहिल्याच पावसाळ्यात स्क्रूंची डोकी गंजतात आणि गंज पानावर उतरतो. स्टेनलेसचेच स्क्रू घे, बिजागरीच्या भोकात डोकं पूर्ण बुडेल असे. प्रत्येक दाराच्या वरच्या बिजागरीसाठी दोन-तीन स्क्रू लांब घे, दोन-अडीच इंची, ते चौकटीत खोलवर जातात. तो तेरा किलोचा ओढा सांगितला ना, तो याच स्क्रूंना पेलायचा असतो.

आता बसवण्याचा दिवस. त्या दिवशी घरी थांब. सुतारावर अविश्वास दाखवायला नव्हे, पण दोन-तीन गोष्टी तुझ्या डोळ्यांदेखत व्हायला हव्यात. एक म्हणजे, स्क्रू हातोडीने ठोकू द्यायचा नाही. आपल्याकडे सर्रास अर्ध्याहून जास्त स्क्रू हातोडीने आत घालतात आणि शेवटचे दोन पीळ तेवढे फिरवतात. दिसायला बसलेला दिसतो, पण आटे लाकडाचे रेशे फाडून गेलेले असतात आणि वर्षभरात तो स्क्रू बोटाने निघतो. आधी बारीक ड्रिलने भोक पाड, मग स्क्रू फिरव, असं स्पष्ट सांग. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या, चौकटीला तर भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारलाच तर चौकट तडकते.

सात फुटी दाराला तीनच बिजागऱ्या, दोन नाहीत. वरची माथ्यापासून वीतभर खाली, खालची जमिनीपासून थोडी जास्त वर. तिसरी कुठे यावर सुतारांमध्येही दोन मतं आहेत. बरोबर मध्ये लावली तर दार वाकत नाही, वरच्या बिजागरीच्या जवळ आणली तर ओढा वाटला जातो. माझं मत विचारशील तर भरीव जड मुख्य दाराला ती वरच्या बाजूला घे, आणि फ्लश दारांना मध्ये. तिन्हींच्या पिना एका रेषेत आल्या पाहिजेत. एक जरी तिरकी बसली तर बाकीच्या दोघींशी ती भांडत राहते आणि बेअरिंगचा उपयोग शून्य. सुताराकडे ओळंबा असतोच, त्याला चौकटही ओळंब्यात आहे का बघायला सांग. खाच पटाशीने मारताना पानाच्या जाडीएवढीच खोल हवी. उथळ राहिली तर दार आणि चौकट यांच्यात फट पडते, जास्त खोल गेली तर दार पूर्ण मिटतच नाही, हात काढला की परत उघडतं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर मला फोन करायला नको. बेअरिंगची बिजागरी चौकटीची चुगली करते. साधी, करकरणारी बिजागरी स्वतःच ब्रेक लावून दार जिथल्या तिथे धरून ठेवते. बेअरिंगमध्ये तो ब्रेक गेला, म्हणून चौकट जराशी तिरकी असली की दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. बिजागरी खराब आली असं वाटेल, पण दोष चौकटीचा असतो. थोडाच फरक असेल तर एका बिजागरीच्या पानामागे पुठ्ठ्याची पट्टी घालून काम भागतं. आणि अशी सहज फिरणारी दारं जून महिन्यातल्या वाऱ्याने धाडकन आपटतात. प्रत्येक दाराला जमिनीवर किंवा भिंतीवर चुंबकाचा स्टॉपर लाव. त्याला फार पैसे पडत नाहीत, पण पोराचं बोट वाचतं.

रंगारी आला की बिजागऱ्यांवर चिकटपट्टी लावायला सांग, किंवा तूच लाव. रंगाने नळीची फट भरली की बेअरिंगमध्ये रंगाचे कण जातात, आणि मग कितीही तेल घाल, किरकिर जात नाही. रंगाऱ्यांना ब्रश फिरवायचा मोह आवरत नाही, हा माझा अनुभव आहे.

देखभाल म्हणशील तर फारशी नाही. बेअरिंगमध्ये ग्रीस भरूनच येतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, कोरड्या फडक्याने बिजागऱ्या पूस आणि प्रत्येक स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट करून बघ. ड्रिल मशीनने नको, त्याच्या जोराने आटे जातात. एखादा स्क्रू नुसताच फिरत राहिला तर तो काढ, भोकात फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या बिनगुलाच्या काड्या ठोकून भर, रात्रभर वाळू दे आणि परत स्क्रू फिरव. सुताराला बोलवायची गरज नाही.

आवाज आलाच तर स्वयंपाकघरातलं तेल घालू नकोस, खोबरेल तर मुळीच नको. थंडीत ते थिजतं, बाकी वेळी धूळ धरून चिकट होतं, आणि पुण्याच्या धुळीबद्दल काय सांगायचं? शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब नळ्यांच्या फटीत सोड, दार दहा-बारा वेळा फिरव आणि बाहेर आलेलं पूस. डब्ल्यूडी-40 चा फवारा गंज सोडवायला चांगला, पण तो पातळ असतो, थोड्या दिवसांत उडून जातो, त्याच्यावर नंतर तेल लागतंच. बाथरूमच्या दारापाशी ॲसिड वापरणाऱ्या बाईंना थांबव. फरशी धुवायच्या त्या ॲसिडच्या वाफेने खालच्या बिजागरीवर महिन्याभरात ठिपके येतात, 304 असली तरी. लोक मग स्टील खोटं होतं म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात.

आणि दाराच्या मागे खिळा ठोकून भाजीच्या पिशव्या, ओले टॉवेल, दप्तरं टांगू नकोस. मुठीला धरून मुलं झोके घेतात, त्यांना तर पहिल्या दिवसापासून ओरड.

श्रावणात एखादं दार घासायला लागेल. लाकूड ओल धरतं, फुगतं, त्यात नवल नाही. त्या वेळी कुणी रंधा घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठव. पावसाळ्यात तासलेलं दार थंडीत आक्रसतं आणि मग कडेने बोटभर फट दिसते, तिला औषध नाही. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळ. तेवढ्याने भागलं नाही तर दसऱ्यापर्यंत थांब. कोरड्या हवेतही घासत असेल तरच रंधा.

किती वर्षांनी बदलायच्या, असं विचारशील. वर्षांवर जाऊ नकोस. फिरवताना टकटक आवाज यायला लागला, दार उचलून पाहिल्यावर वर-खाली हललं, किंवा खाली काळी भुकटी दिसली की समज. तेव्हा तिन्ही एकदम बदल, एकच नवी लावलीस तर सगळा भार तिच्यावर जातो. दार काढायची गरज नाही. खाली पाचर मारून दार टेकवायचं आणि एक-एक करत बदलायच्या. जुनी दोन एमएमची असेल आणि नवी तीनची, तर खाच एक एमएम खोल करायला सुताराला सांग, नाहीतर बिजागरीच्या बाजूला फट पडेल.

शेवटचं. पैसे देताना पक्कं बिल घे आणि बिलावर नुसतं ‘बिजागरी’ नको, ‘एसएस 304, 4×3×3, 2 बीबी’ असं लिहून घे. जो लिहून द्यायला का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नकोस. बोहरी आळीत पुढच्याच दुकानात दुसरा माणूस बसलेला आहे.